पायघड्यांखालचा जोड

मंगळवारच्या बाजारात खुदाईनजर पोरखानाच्या दारापुढे रांग लागली होती, आणि रांगेत माणसं कमी, ॲम्प्लिफायर जास्त होते. खोरेज्ममधल्या खानका आणि आसपासच्या गावांतले लग्नात वाजवणारे सगळे जण आपापली ॲम्पची पेटी घेऊन हजर. कुणी हातगाडीवर आणली होती, कुणी सायकलच्या कॅरिअरला बांधून. एकानं गाढवगाडीत रजई घालून तिच्यावर पेटी निजवली होती, आणि वरून आपला कोट पांघरला होता. स्वतः कुडकुडत उभा होता, पण पेटीला वारा लागता कामा नये.

पोरखान म्हणजे भूतबाधा उतरवणारा. आत लोकरीच्या नमद्यावर मांडी ठोकून बसलेला हा खुदाईनजर एकेक वायर हातात घ्यायचा, तिच्या टोकाचा प्लग डोळ्यांपुढे धरायचा, तीनदा फुंकर मारायचा. मग इसिरिक नावाच्या रानझुडपाच्या धुनीची राख चिमटीत घेऊन प्लगवर खसाखसा चोळायचा. वर सात रंगांचा दोरा घट्ट गुंडाळायचा आणि चामड्याचा तिकोनी ताईत लटकवायचा. पेटी चालू केली की कालपर्यंत खरखरणारा आवाज घासलेल्या तांब्यासारखा लख्ख यायचा. रांगेतून ‘सुभानल्ला’ उठायचं.

"जिन्न आधी दिव्यात राहायचे," पोरखान सांगत होता. "दिवे गेले, बल्ब आले. बल्बमध्ये बिचाऱ्यांना चटके बसतात. मग जायचं कुठं? ॲम्प्लिफायरमध्ये! आत अंधार, आतच ऊब, आणि रोज फुकट लग्नाचं जेवण. बावीस वर्षं मी त्यांच्याशी बोलतोय. हल्लीचे जिन्न फार शिकलेले असतात, त्यांना साधा मंत्र चालत नाही."

लोक माना डोलावत होते. ज्यांनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या पेटीचं मागचं झाकण उघडून पाहिलं नव्हतं, त्यांना आत कोण राहतं हे सांगणारा भेटला होता.

रस्त्याच्या पलीकडे मतयाकूब मास्तर आपल्या टपरीत गार झालेला चहा पीत हे बघत होते. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर रेडिओ, ॲम्प, माइक दुरुस्त करायची ही टपरी टाकली. रांगेतला प्रत्येक जण दोन-तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत त्यांचं गिऱ्हाईक होता, आणि निम्मे तर त्यांचे विद्यार्थी. आज त्यांच्या सोल्डरिंग आयर्नला कुणी विचारत नव्हतं.

दोयरा, म्हणजे मोठा डफ, वाजवणारा सापार रांगेतून डोकं खाली घालून सटकत होता. मास्तरांनी नुसतं बघितलं, तसा तोच ओशाळून जवळ आला.

"रागावू नका, मास्तर. दुरुस्त तुम्हीही करता. पण तुम्ही आधी बोलता. वायर धरून प्लग कोण ओढतं, ओल्या मातीत वायर कोण टाकतं, वेटोळं नीट का घालत नाही... त्याच्याकडे गेलं की चूक जिन्नाची असते."

मास्तरांना हसू आलं आणि ते लगेच विरलं. पोरानं खरं सांगितलं होतं. मीठ वर येणारी ही खोरेज्मची जमीन, वसंतात शेतं धुवायला सोडलेलं पाणी, अंगणात पाझरणारी ओल. त्यात वायर पडली की तांब्याला हिरवा गंज आणि प्लगला काळी पुटं. राखेनं भांडं घासतात तसा प्लग घासला की पुट निघतं. सैल जोडावर दोरा आवळला की जोड हलायचा थांबतो. इतकीच काय ती करामत. मास्तर हेच करत, फक्त फुंकर मारत नसत. आणि राख सॉकेटात तशीच राहिली की ती ओल धरते, महिन्या-दोन महिन्यांत पहिल्यापेक्षा वाईट गत होते, हे त्यांना माहीत होतं. पण ते सांगायला उठले नाहीत.

उठायचं कशासाठी? तरुणपणी त्यांनी पुष्कळ उठून पाहिलं होतं. रडणारी भिंत म्हणून लोक जिच्या पाया पडत, तिच्यामागचा फुटका नळ त्यांनी दाखवला होता. लोकांनी नळ दुरुस्त केला आणि भिंतीच्या पाया पडणं चालूच ठेवलं. पालथ्या घड्यावर पाणी किती दिवस ओतायचं? मास्तर थकले होते. आणि या वेळी थकव्याखाली आणखी एक गोष्ट दडलेली होती, तिच्याकडे ते बघायचं टाळत होते.

ती गोष्ट बीकाजान खल्फाच्या अंगणात घडली होती.

खल्फा म्हणजे बायकांच्या मैफलीची गाणारी. भात्याचं गार्मोन छातीशी धरून बीकाजान गायला लागली की म्हाताऱ्या कोताऱ्याही उठून नाचत. गावातल्या निम्म्या सुना तिच्या गाण्यावर उंबरा ओलांडून आल्या होत्या. अडीच आठवड्यांपूर्वी तिच्या स्वतःच्या मुलाचं, दावलतचं लग्न झालं. दुसऱ्यांच्या सुनांसाठी आयुष्यभर गायलेली बाई स्वतःच्या सुनेसाठी गायला बसली, तेव्हा सगळी आळी लोटली होती. आवाजाची जबाबदारी अर्थातच मास्तरांकडे.

ॲम्प खल्फाशेजारी, घराच्या बाजूला. दोन्ही स्पीकर फाटकाजवळ, म्हणजे रस्त्यालाही ऐकू जावं. मधून अंगण, आणि अंगणातून नवरीसाठी पांढऱ्या कापडाच्या पायघड्या. वायर पायघड्यांना आडवी जाणार होती. तेवढ्यात शेजारची रजबबीका ओरडली, की नवरीनं दोरी ओलांडू नये, अपशकुन होतो. वायर म्हणजे दोरीच की! मास्तर वाद घालू शकले असते. त्यांनी नुसती वायर कापडाखाली सरकवली. ती लांबीला पुरत नव्हती म्हणून मधे एक जोड होता, एका वायरचा प्लग दुसरीच्या सॉकेटात. तो जोड नेमका पायघड्यांच्या रुंदीच्या मधोमध आला.

नवरी आली. हुल्कार तिचं नाव, गुरलानकडची, बुरख्याआडून फक्त हनुवटी दिसत होती. खल्फानं आवाज चढवला, नवरीनं कापडावर पाऊल टाकलं, दोन पावलं गेली, आणि तिसऱ्या पावलाला दोन्ही स्पीकर मुके झाले. खल्फाचं तोंड हलत होतं, गार्मोनचा नुसता पिपाणीसारखा आवाज येत होता. नवरी घाबरून जागच्या जागी थांबली. थांबली तशी शांतता वाढली. कुणीतरी तिला पुढे ढकललं, मागून बायकांनी रिवाजाप्रमाणे पायघड्या ओढून लुटल्या, आणि नवरी घरात गेल्यावर ‘खर्र’ करून आवाज परत आला.

दुसऱ्या सकाळी तोंड दाखवायच्या वेळी सून उंबऱ्याबाहेर गालिच्यावर येऊन वाकली. घरच्यांनी गालिच्याखालून ओढलेली पुन्हा तीच वायर, पुन्हा तोच जोड, पुन्हा तीच शांतता. एकदा झालं तर योगायोग, दोनदा झालं की शेजारणींचं शास्त्र तयार. संध्याकाळपर्यंत आळीत एकच वाक्य फिरत होतं, की खल्फाची सून पांढऱ्या पायाची आहे.

मास्तरांना कारण पहिल्याच दिवशी कळलं होतं. लग्नानंतर वायर गुंडाळताना त्यांनी जोड दाबून बघितला, तो मऊ लागला. तीन वर्षं खल्फा म्हणत होती, ही वायर बदला, आणि तीन वर्षं मास्तर ‘उद्या’ म्हणून चिकटपट्टी गुंडाळत होते. सांगायचं तर हेही सांगावं लागणार होतं, की तुमच्या मुलाचं लग्न माझ्या चिकटपट्टीनं नासवलं. मास्तरांनी वायर गुंडाळून कोपऱ्यात ठेवली आणि घरी जाऊन झोपले. चार दिवसांत लोक विसरतील असं त्यांनी स्वतःला समजावलं.

लोक विसरले नाहीत. रजबबीकानं पोरखानाला आणलं. पोरखान तासभर दार लावून ॲम्पशी एकटा बोलत बसला, म्हणजे बोटांनी वायर चाचपत बसला. जोड सापडला, त्यावर दोरा आणि ताईत चढला, आवाज येऊ लागला, आणि पोरखानाचं नाव बाजारभर झालं. बीकाजान खल्फाची पेटी बरी केली म्हटल्यावर बाकीचे कशाला मागे राहतात? ती मंगळवारची रांग तिथून सुरू झाली होती.

पण आतल्या तारा तुटायच्या थांबल्या नव्हत्या. गेल्या शनिवारी दुसऱ्या गावच्या लग्नात खल्फाची पेटी भर गाण्यात पुन्हा मुकी झाली. दोरा जागेवर होता, ताईत जागेवर होता, आणि सून तर दहा मैल लांब घरात बसलेली. दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. पोरखान म्हणाला, सुनेची सावली पेटीला चिकटली आहे. दोरा खोटा ठरला तर बाजारातली रांग उठणार होती, त्यापेक्षा सून खोटी ठरलेली बरी. त्यानं शुक्रवार नेमून दिला. सगळ्यांसमोर सुनेला पेटीपुढून चालवायचं. पेटी बोलली तर सून राहील. मुकी झाली तर त्याच दिवशी मुलगी माहेरी परत. हुल्कारच्या मामाला गाडी घेऊन यायला सांगितलंही होतं.

बुधवारी खल्फा स्वतः मास्तरांच्या टपरीवर आली. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. म्हणाली, शुक्रवारी पेटी नीट चालू होते का तेवढं आधी बघून जा.

"खल्फा, मुलीला खरंच पाठवणार?" मास्तरांनी विचारलं.

"मला हौस आहे का?" ती म्हणाली. "पोरगी गुणाची आहे. दावलत तीन दिवस जेवला नाही. पण माझा गळा हीच माझी भाकरी, मास्तर. लोक आत्ताच म्हणायला लागलेत, खल्फाला बोलावलं तर सुनेची सावली बरोबर येते. मी काय करू, तुम्हीच सांगा."

तुम्हीच सांगा, असं ती म्हणाली होती. मास्तरांनी सांगितलं नाही. उद्या येतो म्हणाले.

गुरुवारी ते तिच्या अंगणात पेटी उघडून बसले असताना हुल्कार चहा घेऊन बाहेर आली. दहा-बारा पावलांवर थांबली, चहाची किटली, पियाला आणि पातळ भाकर जमिनीवर ठेवली आणि मागे सरकली.

"इथंच ठेवते, आजोबा," ती म्हणाली. "जवळ आले तर तुमचं काम बिघडेल."

त्यात तक्रार नव्हती. एखादीनं चूल पेटवताना पदर सांभाळावा तसं ती स्वतःला सांभाळत होती. तिला ते पटलं होतं. एकोणीस वर्षांची धडधाकट पोर, कोंबड्यांना दाणे टाकतानाही पेटीला वळसा घालून जात होती, आणि हे तिला त्या लबाडानं एकट्यानं शिकवलेलं नव्हतं. मास्तरांना स्वतःची लाज वाटली. ते उठून किटलीपर्यंत चालत गेले. चहा पिऊन त्यांनी पेटीचं झाकण लावलं. वायरीला हात लावला नाही. जोड होता तसाच राहू दिला, कारण तो उद्या सगळ्यांना दाखवायचा होता.

शुक्रवारी दुपारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाजारातले वाजवणारे झाडून आले होते. भिंतीवर पोरं, ओसरीवर बायका, फाटकाशी पोरखानाच्या वाट्याचा मेंढा, आणि फाटकाबाहेर मामाची गाडी. मामा आत यायला तयार नव्हता. अपमान झालेला माणूस ज्या तऱ्हेनं सिगारेट ओढतो, त्या तऱ्हेनं तो सिगारेट ओढत होता.

पोरखानानं गालिचा पसरायला लावला आणि वायर त्याखालून घ्यायला लावली. दृष्ट लागू नये म्हणून ताईत झाकलेला हवा, असं त्याचं म्हणणं. मग गालिच्याच्या कडेला त्यानं आपली बैठक ठोकली. ताईत त्याच्या उजव्या गुडघ्याखाली आला, हे मास्तरांनी पाहून ठेवलं. सापारला माइकपुढे दोयरा वाजवायला बसवलं.

"ऐका रे ऐका," पोरखानानं डोळे मिटले. "चाळीस अदृश्य पुरुष आत्ता या भिंतीवर बसलेत. पोरांनो, सरका, त्यांना जागा द्या. त्यातले दोन वीजवाले आहेत, ते पेटी बघतील. बाकीचे मुलीची पावलं बघतील."

भिंतीवरची पोरं खरोखरच सरकली.

हुल्कार बाहेर आली. सापारचा दोयरा स्पीकरमधून दणदणत होता. ती मान खाली घालून गालिच्यावर चढली, पोरखानासमोर आली, आणि आवाज तुटला. दोयरा नुसता हातात टपटपत राहिला. ओसरीवर कुणीतरी हुंदका दिला. पोरखानानं फुंकर मारली, अंग घुसळलं, आवाज आला. मुलीला परत चालायला सांगितलं, आवाज परत गेला.

"झालं," पोरखान म्हणाला. "मी काय सांगणार? पेटीनंच सांगितलं."

खल्फानं डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. दावलत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हुल्कार घराकडे वळली, बहुधा बोचकं आणायला. तिनं ते आधीच बांधून ठेवलेलं होतं.

"थांब, पोरी," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज काही फार मोठा नव्हता, पण एकतीस वर्षं वर्ग गप्प करण्याची त्याला सवय होती. "पोरखान, तुम्ही दमला असाल. जरा उठून त्या लाकडी तापचानावर बसा, चहा घ्या."

"मी जागेवरून उठलो तर जिन्न सुटतील."

"सुटू देत. इतकी वर्षं नुसतं ऐकतोय, एकदा बघू तरी कसे असतात."

बायका हसल्या. पोरखान हलेना. तेव्हा खल्फाची म्हातारी सासू, जिला ऐकू कमी यायचं आणि दिसायचं जास्त, काठी टेकत आली आणि म्हणाली, "पाहुण्याला चहा दिला की तो उठतो. हा का उठत नाही? गुडघ्याखाली काय अंडी उबवतोस का?" आता मात्र सगळं अंगण हसलं आणि पोरखानाला उठावं लागलं.

"सापार, वाजव," मास्तर म्हणाले. "हुल्कार, ये. चाल गालिच्यावरून."

ती येईना. मास्तरांनी पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की एवढं एकदाच. ती चालली. दोयरा दणदणत राहिला. ती परत आली. दोयरा दणदणत राहिला. सापार वाजवता वाजवता तिच्या पायांकडे बघत होता.

"आता खल्फा, तुम्ही या. शेकडो नवऱ्या तुमच्या गाण्यावर घरात आल्या. तुमच्यापेक्षा शुभ पाऊल या आळीत कुणाचं? पोरखान बसले होते तिथं बसा."

खल्फा बसली. आवाज गेला.

ती दचकून उठली. आवाज आला. ती हळूच पुन्हा बसली, आवाज पुन्हा गेला. मग रजबबीकाला बसवलं, मग म्हातारीला, मग भिंतीवरचं एक पोर उडी मारून येऊन बसलं. ज्याचं बूड तिथं टेकलं त्याच्या पायी पेटी मुकी झाली.

"सगळे पांढऱ्या पायाचे," म्हातारी म्हणाली. "आता अख्ख्या आळीलाच माहेरी पाठवा."

मास्तरांनी गालिचा उलटला, जोड उचलला, सात रंगांचा दोरा कापला, आणि त्याखालची स्वतःचीच तीन वर्षांची चिकटपट्टी सोलून काढली. प्लगचं टोक उघडून त्यांनी खल्फाच्या तळहातावर ठेवलं. केसासारख्या तारांचा जुडगा होता, बहुतेक तुटलेल्या, हिरव्या पडलेल्या. पाच-सहा कशाबशा टेकलेल्या. वर दाब आला की त्या सरकत, दाब गेला की पुन्हा टेकत.

"हा तुमचा जिन्न," ते म्हणाले. "आता विचाराल, लग्नाच्या दिवशी नवरीच्याच पायाला का? त्या दिवशी पायघड्यांवर दुसऱ्या कुणी पाऊल ठेवलं होतं का? नवरीच्या आधी कुणी पाय ठेवायचा नाही, हा आपलाच रिवाज. जोड मधोमध, आणि त्यावरून एकाच माणसानं चालायचं. सापळा लावला आणि अंगणात एकच पाखरू सोडलं. मग तेच सापडलं म्हणून त्यालाच अपशकुनी म्हटलं."

पोरखान तापचानावरून म्हणाला, जिन्न आता मास्तरांच्या जिभेवर जाऊन बसलाय. कुणी हसलं नाही. सापारनं आपली वायर काढली, ताईत उकलला, प्लगवरची राख फुंकून पाहिली आणि मास्तरांकडे पाहिलं. दुसऱ्यानं पाहिलं, तिसऱ्यानं पाहिलं. पोरखान चपला शोधायला लागला. मेंढ्याच्या दोरीला हात घातला तेव्हा म्हातारीची काठी आडवी आली, आणि तो रिकाम्या हातानं गेला.

मास्तर तिथंच थांबू शकले असते. लोक खूश होते, कुणीतरी त्यांची पाठ थोपटली. पण हुल्कार त्यांच्याकडे बघत होती.

"तुम्हाला हे कधी कळलं, आजोबा?" तिनं विचारलं.

"लग्नाच्याच दिवशी."

"आणि आज सांगितलं."

"वायर कापडाखाली मी घातली होती," मास्तर म्हणाले. आता ते तिच्याशी बोलत होते, पण अंगण ऐकत होतं. "जोडही माझाच होता. सांगितलं असतं तर माझा आळस उघडा पडला असता. शिवाय वाटलं, सांगून काय होतं, लोक ऐकत नाहीत. त्या पोरखानानं लबाडी केली, त्याचा तो धंदा आहे. पण त्याला जागा मी दिली. ज्याला कळत नाही त्याची चूक एकपट. ज्याला कळतं आणि जो कंटाळून गप्प बसतो, त्याची दुप्पट. म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगतो, जरा शोधा. घरात काही बिघडलं की आधी वस्तू उघडून बघा. माणसावर बोट ठेवणं सोपं असतं, त्याला पेचकस लागत नाही."

हुल्कार घराकडे वळली. ती आत गेली. ती बोचकं सोडते आहे की उचलते आहे, हे कुणालाच कळेना. ती बाहेर आली ती चहाची किटली घेऊन. थेट पेटीपर्यंत चालत आली आणि पेटीवरच पियाला ठेवून तो भरला. खल्फानं तिला हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं. माफीचे शब्द त्या बाईला गाण्यातून शेकड्यांनी येत होते, स्वतःच्या तोंडी एकही आला नाही. तिनं फाटकाबाहेर निरोप पाठवला, की मामांना म्हणावं सिगारेट टाका आणि जेवायला या, भाची कुठंही जात नाही.

मास्तरांनी त्याच संध्याकाळी नवी वायर घातली, एकसंध, मधे जोड नसलेली.

पुढच्या महिन्यात रजबबीकाच्या मुलाचं लग्न होतं. गायला अर्थात बीकाजान खल्फा, आणि तिच्यामागे बसून दोयरा धरायला तिची सून. वायर या वेळी मास्तरांनी द्राक्षाच्या मांडवावरून नेली, कापडाखालून नाही. रजबबीका दोरीबद्दल काही बोलली नाही. बऱ्याच वाजवणाऱ्यांनी प्लग मास्तरांकडून नीट करून घेतले होते. दोघा-तिघांनी वर दोरा ठेवलाच होता, असू द्यावा म्हणून. मास्तरांनी तो पाहिला आणि या वेळी गप्प बसले नाहीत. दोघांनी सोडला, एकानं नाही.

नवरी फाटकातून आली, पायघड्यांवर पाऊल टाकलं, खल्फानं सूर लावला, आणि मधेच कुठंतरी ‘खर्र’ झालं आणि आवाज बसला. जुनी सवय ती, शंभर डोळे नव्या नवरीच्या पायांकडे वळले. ती पोर पायघड्यांवरच थांबली.

हुल्कार दोयरा खाली ठेवून उठली.

"तिच्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "आधी वायर बघा."